‘बघू’ म्हणजे निम्मं

ती. भाऊजींना,

(वडिलांना तीर्थरूप लिहायचं आणि बाकीच्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, हे ताईनं मला लहानपणी कान पिळून शिकवलं होतं. नुसतं ‘ती.’ लिहिलं की दोन्हीकडून सुटका होते, हे मी विक्री खात्यात शिकलो.)

साष्टांग नमस्कार. उजवा गुडघा वाकत नसल्यामुळे त्यातलं एक अंग तूर्त गैरहजर समजावं. बाकी आमच्याकडे सगळं बरं आहे. हिची कंबर अधूनमधून बोलते, पण हिच्याइतकी नाही. (हे वाक्य हिनं वाचलेलं नाही.) तुमची तब्येत कशी आहे असं विचारायचा रिवाज आहे म्हणून विचारतो, पण उत्तर मला ठाऊक आहे, कारण छोटीचा परगावहून फोन येतो आणि त्यात तुमचा साद्यंत अहवाल असतो. बाबा खोलीचे पडदे उघडत नाहीत. बाबा ओट्यापाशी उभ्याउभ्याच जेवतात. माझ्याकडे येऊन राहा म्हटलं तर बाबा ‘बघू’ म्हणाले, मामाकडे तरी जाऊन या म्हटलं तर ‘बघू’, दाताच्या डॉक्टरकडे जा म्हटलं तरी ‘बघू’. भाऊजी, लेकीनं बापाला गोंजारावं की रागवावं हे तिला कळेनासं झालंय. ताईला जाऊन वर्ष झालं आणि ह्या वर्षभरात तुम्ही त्या एका शब्दावर दिवस काढताय. मला तुमची काळजी वाटते, एवढं सरळ लिहितो आणि विषय बदलतो, कारण असलं काही वाचलं की तुम्ही चष्मा पुसायला उठता, आणि एकदा उठलात की पत्र पुन्हा हातात घ्याल याचा भरवसा नाही.

फोन सोडून पत्र का, तर तुम्ही फोन उचलत नाही. पण कागदावर लिहिलेलं काही समोर आलं की तुम्ही ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचता, ही तुमची जुनी खोड मला माहीत आहे. औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद आणि पंख्याच्या वॉरंटीच्या अटी आमच्या सबंध खानदानात तुम्ही एकट्यानंच वाचल्या असतील. तेव्हा आता बसा. काम ऑफिसचं आहे आणि निकडीचं आहे.

तर आपल्या कुलपांच्या कंपनीला (मी अजून ‘आपल्या’च म्हणतो, तुम्ही निवृत्त झालात म्हणून कुलपं काही परकी होत नाहीत) एक धोरण मिळालं आहे. पूर्वी आपल्याला धोरण नसायचं. मोठे साहेब सकाळी आल्या आल्या जे काही बोलायचे तेच संध्याकाळपर्यंत पुरवून वापरायचं, अशी पद्धत होती. आता मोठे साहेब घरी असतात आणि त्यांच्या खुर्चीवर धाकटे साहेब बसतात. पोरगा चांगला आहे, शिकून आलाय, कुणावर ओरडत नाही, फक्त फळ्यावर लिहितो. त्यानं धोरण एका वाक्यात बसवलंय: दुकानातलं कुलूप संपायच्या आत आपलं कुलूप दुकानात पोचलं पाहिजे. वाक्यात चूक काढायला जागा नाही. ते भिंतीवर लावलंय, चहाच्या कपांवर छापलंय आणि लिफ्टमधल्या आरशावरही चिकटवलंय, त्यामुळे भांग सारखा करताना अर्धं धोरण कपाळावर दिसतं. आता हे धोरण पार पडायचं तर खालच्या मजल्यावरचे आम्ही विक्रीवाले आणि वरच्या मजल्यावरचे टेक्नॉलॉजीवाले यांनी एका दिशेनं चाललं पाहिजे, असं धाकट्या साहेबांचं म्हणणं. आणि ही मोट बांधायचं काम त्यांनी माझ्या गळ्यात घातलं. कारण विचारलं तर म्हणाले, तुमचं सगळ्यांशी एकेकदा भांडण झालेलं आहे, त्यामुळे तुम्ही निःपक्षपाती आहात.

ह्यात गंमत एवढीच होती. महिनाअखेरपर्यंत दोन मजल्यांचा मेळ बसला नाही तर वरचा मजला बंद करायचा आणि ते काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं, असंही त्यांनी फळ्यावर लिहिलं. भाऊजी, वरचा मजला म्हणजे तुमचा विभाग. तुम्ही शून्यातून उभा केलेला. आणि त्याची आजची प्रमुख म्हणजे शंका. (तुम्हीच कामावर घेतलेली आणि तुम्हीच नाव ठेवलेली. मुलाखतीत तुम्ही तिला विचारण्याऐवजी तिनंच तुम्हाला प्रश्न विचारले होते. आता सगळे तिला मॅडम म्हणतात, माझ्या तोंडून मात्र शंकाच निघतं आणि ती रागवत नाही.) तुमच्या हाताखाली तयार झालेली सगळी पोरं अजून तिथंच आहेत. ती बाहेर पडली तर त्यांना कामं मिळतील, हुशार आहेत, पण तो मजला राहणार नाही.

आता मेळ का बसत नव्हता ते ऐका. शंकाच्या लोकांनी आमच्या विक्रेत्यांसाठी एक ॲप केलं. विक्रेत्यानं दुकानात जायचं, आणखी कुलपं लागतील का असं विचारायचं, आणि दुकानदाराच्या उत्तराप्रमाणे तीनपैकी एक बटण दाबायचं: ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘बघू’. इथपर्यंत उत्तम. ‘हो’ म्हणजे पूर्ण, ‘नाही’ म्हणजे शून्य, हेही कुणाला सांगायला नको. मग प्रश्न आला ‘बघू’चा. वरच्या मजल्यावर त्यावर पुष्कळ खल झाला म्हणे. माल घेईल किंवा घेणार नाही, दोन्ही शक्य, म्हणून ‘बघू’ म्हणजे निम्मं, असा निर्णय झाला. हिशेब म्हणून हा निर्णय इतका सरळ आहे की तुम्हीसुद्धा मान डोलावली असती. (डोलावू नका. पुढं वाचा.)

भाऊजी, आयुष्यभर मी दुकानांच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. दुकानदार ‘बघू’ म्हणतो त्याचा अर्थ त्याला कुलूप नको आहे. पण तुम्ही उन्हातून आलाय, माणूस बरा दिसताय, तोंडावर नाही कसं म्हणायचं, म्हणून तो भिडेखातर ‘बघू’ म्हणतो आणि वर पाणीही विचारतो. आपल्या माणसाला ‘नाही’ म्हणायचं तर जिवावर येतं. शेजाऱ्यानं शिडी मागितली की आपण बघू म्हणतो, चुलतभावानं मुलासाठी शब्द टाका म्हटलं की बघू म्हणतो, आणि मागणाराही ते समजून घरी जातो. त्यात आमच्या विक्रेत्यांची भर अशी की ‘नाही’चं बटण दाबलं तर साहेबांच्या पडद्यावर लाल ठिपका उठायचा. ‘बघू’चा ठिपका पिवळा. लाल ठिपका कुणाला हवाय? मग बाजारातल्या झाडून सगळ्या दुकानांनी ‘बघू’ म्हटलं. मशीननं सगळी निम्मी-निम्मी गोळा केली, बेरीज कारखान्याला कळवली, आणि कारखान्यानं (जो आजवर कधी कुणाचं वेळेवर ऐकत नव्हता) नेमकं ह्या वेळी मुकाट्यानं ऐकलं.

आता आपल्याकडे शटरची कुलपं इतकी आहेत की विचारू नका. गोदाम भरलं, मग जिन्याखालची जागा भरली, मग मीटिंगच्या खोलीत खोकी रचली. माझ्या टेबलाखालीसुद्धा खोकी आहेत आणि मी पाय बाजूला काढून, नावेत बसल्यासारखा बसतो. त्यातच आमच्या एका उत्साही विक्रेत्यानं मीटिंगच्या खोलीला त्याच मालातलं एक कुलूप लावून दाखवलं, पाहुण्यांसमोर मजबुती सिद्ध करायला. किल्ली कुठल्या खोक्यात गेली ते कळेना. कुलूप आपलं असल्यामुळे तोडताही येईना, आणि आलं असतं तर आणखी लाज. पाहुण्यांनी मजबुती मान्य केली. बाकी व्यवहाराचं विचारलं तर ‘बघू’ म्हणाले आणि गेले.

पण ही झाली गोष्टीची एक बाजू, आणि ती आम्ही खालच्या मजल्यावर मोठ्या चवीनं एकमेकांना सांगायचो. दुसरी बाजू मला उशिरा कळली. ॲप सुरू झालं तेव्हाच मी शंकाकडे वर गेलो होतो आणि म्हटलं होतं, बाई गं, विक्रेत्याला दोन शब्द लिहायला जागा ठेव, म्हणजे दुकानदाराच्या मनात काय होतं ते त्याला सांगता येईल. ती मान वर न करता ‘बघू’ म्हणाली. मी काय समजायचं? मी खाली आलो आणि आमच्या लोकांना सांगितलं, वरचे काही करायचे नाहीत, आपापलं खरं-खोटं आपल्या खिशात ठेवा आणि बटणं दाबत राहा. आणि शंकानं खरोखरच बघितलं, भाऊजी. ते लोक ‘बघू’ म्हणाले की बघतात. तिनं जागा करून ठेवली, छान चौकोन आखला, त्यात पेन्सिलीचं चित्र काढलं. आम्ही कुणी तिकडे फिरकलो नाही. चौकोन महिनोन्‌महिने रिकामा राहिला आणि वरच्यांनी अर्थ काढला की विक्रीवाल्यांना सांगण्यासारखं काही नसतंच, ते नुसते हिंडतात. म्हणजे आमचं ‘बघू’ त्यांनी निम्मं धरलं, त्यांचं ‘बघू’ आम्ही शून्य धरलं, आणि दोन्ही मजले एकमेकांना आडमुठे म्हणत धोरणाच्या कपातून चहा पीत बसले.

मग धाकट्या साहेबांनी मेळ बसवून देणारा एक सल्लागार आणला. त्याला आम्ही बाणवाले म्हणतो, कारण तो जे काही काढतो त्याला बाण असतात. मीटिंगच्या खोलीला कुलूप असल्यामुळे त्याचं शिबिर बोळात झालं. तो कुलपांच्या खोक्यावर उभा राहिला, दोन वर्तुळं काढली, एक तुम्ही, एक ते, आणि मध्ये इतके बाण मारले की दोन्ही वर्तुळं जखमी झाली. नंतर त्यानं दोन्ही मजल्यांची सरमिसळ करून आम्हाला कागदाचा मनोरा बांधायला लावला. माझ्या गटातल्या विक्रेत्यांनी मनोरा उभा राहायच्या आधीच शेजारच्या गटाला वरचे दोन मजले विकून टाकले, आणि शंकाच्या मुलांनी पाहणी करून सांगितलं की पायाच चुकलाय, सगळं उतरवून नव्यानं सुरुवात करावी लागेल. वेळ संपली तेव्हा आमच्या पुढ्यात कागदाचा एक बोळा होता. बाणवाले म्हणाले, ह्यातून आपण काय शिकलो? कुणीतरी मागून ‘बघू’ म्हणालं. तेवढ्यापुरते मात्र दोन्ही मजले एकत्र हसले.

त्या हशात मला एकदम आपली जुनी कॉम्प्युटरची, तुमच्या भाषेत मशीनची, खोली आठवली. तुम्हाला आठवते का? दाराशी चपला काढायच्या, आत बर्फासारखी थंडी, बाहेर भर उन्हाळा आणि आत तुम्ही स्वेटर घालून बसलेले. मी पहिल्यांदा आलो तेव्हा माझ्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे न बघता त्या भोकाशीच बोललात. मला तुमचा इतका राग आला होता. दोन्ही कडांना भोकं असलेल्या त्या लांबच लांब कागदावर तुम्ही माझी मागणी चुकीची कशी आहे ते सिद्ध करून दाखवलंत, आणि मी तो कागद सबंध बोळातून ओढत खाली नेला. मग ताई माझा विसरलेला डबा द्यायला ऑफिसात आली. ती सरळ तुमच्या खोलीत चपला घालून शिरली आणि तुम्ही काही बोलला नाहीत. नियम मोडू देताना तुम्हाला मी तेवढं एकदाच पाहिलं. मी डबा खात बसलो, मला काही उमगलं नाही, आणि एक दिवस तुम्ही आमच्या घरी नवीन शर्ट घालून हजर झालात. ऑफिसच्या कामासाठी आलो म्हणालात. सुटीच्या दिवशी.

आणि मग आपले ते रविवार. आज लोक धोरण-धोरण करतात, पण त्या वेळी कंपनीचं काय ते तुमच्या जेवणाच्या टेबलावर ठरायचं, हे मोठ्या साहेबांनासुद्धा ठाऊक नव्हतं. सबंध आठवडा आपण ऑफिसात एकमेकांच्या नावानं खडे फोडायचे आणि रविवारी ताईसमोर ताटावर बसायचं. ती शाळेत गणित शिकवायची आणि घरातही हातची पट्टी तिनं कधी खाली ठेवली नाही. आपलं भांडण सुरू झालं की भाताचं भांडं स्वतःपाशी ओढून घ्यायची. याचं म्हणणं तुम्ही सांगा आणि त्यांचं म्हणणं तू सांग, मग भात मिळेल. तुम्हाला माझी बाजू मांडावी लागायची, दुकानदार कसा असतो, गिऱ्हाईक कसं दारातून परत जातं, आणि मला तुमची, की मशीनला एक गोष्ट बदलून द्यायची तर कुठं कुठं हात घालावा लागतो. तुम्ही माझी बाजू फार वाईट मांडायचात. ताई म्हणायची, पुन्हा सांगा. भात निवून जायचा. छोटी त्या लांब कागदांच्या मागच्या बाजूला घरं काढत बसलेली असायची, तुमच्या आकड्यांच्या पाठीवर तिची घरं. तुम्ही शेवटी माझी बाजू बरोबर सांगितलीत की ताईच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते पाहायला मी मुद्दाम भांडण उकरून काढायचो, हे तुम्हाला कधी कळलं होतं का? मला तरी वाटतं, कळलं होतं. सुखाचे दिवस होते ते. तेव्हा सुखाचे वाटत नव्हते, तेव्हा भूक लागलेली असायची.

असो. लांबण लागली. मुद्दा असा की हे काम माझ्यानं होण्यातलं नाही. मला खालचा मजला कळतो, वरचा कळत नाही. बाणवाल्यांना बाण कळतात. तुम्ही आठवडाभर माझ्याकडे येऊन राहावं, रोज माझ्याबरोबर ऑफिसात यावं, शंकाच्या लोकांना त्यांच्या भाषेत आणि आमच्या लोकांना तुमच्या त्या कोरड्या आवाजात चार गोष्टी सांगाव्यात, एवढीच विनंती. धाकट्या साहेबांनी मान्यता दिली आहे. खोली तयार आहे, खिडकी रस्त्याकडे नाही, उजेड येतो. विभागाचा प्रश्न आहे, माझा नाही. नाहीतर मी तुम्हाला एवढं लिहिलं नसतं.

हिचा नमस्कार. छोटीचा फोन आला तर उचला, ती लेक आहे, कंपनी नाही.

आपला,
मेहुणा

ता. क. ऑफिसात आता सगळीकडेच तुमच्या मशीनच्या खोलीइतकी थंडी असते. स्वेटर आणावा.

ता. क. २. वरचं पत्र रविवारी लिहिलं आणि धाडस होईना म्हणून खिशात घेऊन हिंडलो. आज गुरुवार. काल मीटिंग झाली. बाणवाल्यांचं झाल्यावर मी उठलो आणि शंकाला म्हटलं, आमची बाजू तू सांग, तुमची मी सांगतो. भाऊजी, पोरीनं आमच्या विक्रेत्यांची बाजू अशी मांडली, तो उन्हातला माणूस, तो लाल ठिपका, की मला माझीच कीव आली. मीही वरच्यांचं बरंच बरं सांगितलं असावं, कारण ती डोळे पुसत होती, किंवा हसत असेल, लांबून कळलं नाही. ‘बघू’ आता शून्य धरायचं ठरलंय आणि वरच्या मजल्यावर तो शब्द उच्चारायला बंदी आहे. विभाग बंद होणार नाही, धाकट्या साहेबांनी फळ्यावरचं ते वाक्य पुसलं. तेव्हा ऑफिसात तुमचं खरं म्हणजे काही काम उरलेलं नाही. तरीही वरचं सगळं तसंच ठेवतोय. नुसतं ‘या’ म्हटलं तर तुम्ही येणार नाही, आणि कुठं काही बिघडलंय म्हटलं की तुम्ही अर्ध्या ताटावरून उठता, हे मी तुमच्याच घरी जेवून शिकलोय.

ता. क. ३. अक्षर वेडंवाकडं आलंय, कारण हे मांडीवर लिहितोय. पोस्टात टाकायला निघालो होतो, टॅक्सीवाल्याला तुमचा पत्ता सांगून बसलो. तुमच्याच फाटकापाशी आहे, पत्र वॉचमनच्या हाती वर पाठवतोय. स्वतः वर आलो असतो. पण जिन्याच्या वळणावरून तुमचं दार दिसलं की आता ताई उघडेल असं वाटतं, आणि वर्ष झालं तरी ते मला अजून सोसत नाही. म्हणून वर्षभर मीही आलो नाही. तुम्हालाही आत तसंच होत असणार. पिशवी भरत बसू नका, कपडे माझे होतील. नुसते खाली या.